कठड्यावरचे शोभेचे रताळे : जून ते एप्रिलच्या नोंदी

३ जून

पुण्यातील आमच्या इमारतीच्या गच्चीला पश्चिमेकडून साधारण वीस फूट लांबीचा कठडा आहे. त्यावरून शोभेच्या रताळ्याचे वेल बाहेरच्या बाजूने खाली सोडायचे, एक पोपटी आणि एक काळपट जांभळा अशा आलटून पालटून रांगेत, हे काम हाती घेतले आहे. पोपटी पानांसाठी ‘मार्गारिटा’ आणि खोल कातरलेल्या काळपट पानांसाठी ‘ब्लॅकी’ या जाती ठरवल्या आहेत. हिरवा, पांढरा आणि गुलाबी रंग एकाच पानात मिरवणाऱ्या ‘ट्रायकलर’चे एक रोप केवळ हौसेखातर घेतले. नर्सरीत या तिन्ही जातींना सरसकट ‘आयपोमिया’ म्हणतात, त्यामुळे नाव सांगून मागण्यापेक्षा पान पाहून निवडणे सोयीचे पडते. उपवासाला लागणारे रताळे आणि हा वेल या दोन वेगळ्या वनस्पती नाहीत. एकाची निवड कंदासाठी होत गेली, दुसऱ्याची पानांसाठी, एवढाच फरक. त्यामुळे शेतातल्या रताळ्याला जी कीड लागते ती इथेही लागणार, हे आधीच गृहीत धरलेले बरे.

पोपटी दोन, काळी दोन आणि तिरंगी एक एवढीच रोपे आणली. साध्या रोपाला ८० रुपये आणि तिरंगीला १५० रुपये पडले. सगळ्या कुंड्या भरतील इतकी रोपे विकत घेण्याची गरज नसते, कारण या वेलाच्या प्रत्येक पेरावर मुळे फुटतात. रोप उचलण्यापूर्वी पाने उलटून पाहावीत. पांढरी माशी असेल तर ती हात लागताच उडते आणि निर्णय आपोआप होतो.

कुंड्या २४ इंची लांबट, प्लास्टिकच्या, सहा. प्रत्येकी २६० रुपये. कठड्यावर कुंडी ठेवायची नाही, हे पहिल्याच दिवशी ठरवले. अशी एक कुंडी ओल्या मातीसह वीस किलोच्या आसपास जाते आणि खाली येण्याजाण्याची वाट आहे. म्हणून कठड्याच्या आतल्या बाजूला, त्याच्या उंचीला येतील असे लोखंडी स्टँड वेल्डिंगवाल्याकडून करून घेतले. त्यांचे ३,००० रुपये झाले, आणि साऱ्या कामातला सर्वांत मोठा खर्च हाच आहे.

५ जून

माती भरली. चार भाग लाल माती, तीन भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), दोन भाग गांडूळखत आणि एक भाग जाड वाळू, शिवाय प्रत्येक कुंडीत दोन मुठी निंबोळी पेंड. आपल्याकडची काळी माती कुंडीत पावसाळ्यात चिखल होते आणि उन्हाळ्यात तडकते, त्यामुळे ती अजिबात घेतली नाही. कोकोपीटची पाच किलोची वीट २२० रुपयांना मिळाली. ती भिजवून फुगवणे पुरेसे नसते. त्यात क्षार असतात, म्हणून निथळणारे तांबूस पाणी फिके होईपर्यंत ती धुवावी लागते. या धुण्यात अर्धा दिवस गेला.

तळाला खड्यांचा थर आणि त्यावर जुन्या सुती साडीचे तुकडे अंथरले आहेत, म्हणजे माती छिद्रांतून वाहून जाणार नाही.

८ जून

पाचही रोपांचे लांब शेंडे कापून बेणे तयार केले. प्रत्येक तुकडा वीतभर लांबीचा, चार-पाच पेरांचा, आणि शक्यतो शेंड्याकडचा. बुंध्याकडचा जून झालेला भाग उशिरा फुटतो. दापोलीकडे माझा मावसभाऊ ‘कोकण अश्विनी’ जातीचे रताळे लावतो, त्याला फोन केला. तो म्हणाला, “अरे, तोडलेला वेल लगेच खुपसू नकोस. पाल्यासकट दोन दिवस सावलीत ठेव आणि मग लाव, मुळं लवकर धरतात.” तिरुअनंतपुरमच्या केंद्रीय कंदपिके संशोधन संस्थेची शिफारसही हीच आहे. तरी तुलना करता यावी म्हणून अर्धे बेणे काचेच्या बरण्यांत पाण्यात ठेवले आणि अर्धे सावलीत पसरले.

१९ जून

पाण्यातल्या तुकड्यांना चार-पाच दिवसांतच पांढरीशुभ्र मुळे फुटली आणि घरातल्या सगळ्यांनी त्यांचे कौतुक केले. मात्र तेच तुकडे मातीत लावल्यावर मान टाकून बसले, कारण पाण्यात वाढलेली मुळे ठिसूळ असतात आणि मातीत गेल्यावर त्यांना नव्याने सुरुवात करावी लागते. सावलीत दोन दिवस ठेवून थेट मातीत आडवे लावलेले तुकडे, ज्यांची दोन पेरे मातीखाली आणि बाकीची वर होती, ते आज स्पष्टपणे पुढे आहेत. बरणीतले बेणे दिसायला सुंदर असते, पण पावसाळ्याच्या तोंडावर पुण्यात त्याची काहीच आवश्यकता नाही. प्रत्येक कुंडीत तीन तुकडे ठेवले आणि उरलेले शेजारी वाटले.

२८ जून

सर्व वेलांचे शेंडे खुडले. वेल हातभर झाला की शेंडा मोडायला जिवावर येते, परंतु न खुडलेला वेल एकच दोरी होऊन खाली लोंबतो आणि कुंडीचा माथा उघडा राहतो. पाच-सहा पानांवर शेंडा काढला की खालच्या डोळ्यांतून तीन-चार फांद्या निघतात.

९ जुलै

पावसाची झड लागली असताना दोन कुंड्या हातच्या गेल्या. आधी खालची पाने पिवळी पडली, मग मातीलगतचे खोड तपकिरी आणि मऊ झाले, आणि काल हलक्या हाताने ओढताच वेल मुळाशिवाय वर आला. पाने पिवळी दिसल्यावर खत कमी पडले असे समजून गांडूळखत घातले गेले होते, त्याने ओल आणखी धरली.

कुंडी रिकामी केल्यावर कारण कळले. सुती कापडावर मातीतला गाळ बसून त्याचा जाड लेप झाला होता, खड्यांचा थर कोरडा होता, आणि सगळे पाणी कापडाच्या वरच अडून राहिले होते. म्हणजे निचरा व्हावा म्हणून जे घातले त्यानेच निचरा बंद केला. उरलेल्या चारही कुंड्या आज पावसात भिजत उपसल्या, कापड आणि खडे दोन्ही काढून टाकले, आणि छिद्रांवर फक्त मडक्याच्या खापऱ्या ठेवून तीच माती पुन्हा भरली. तापवलेल्या खिळ्याने प्रत्येक कुंडीच्या लांब बाजूंना, तळापासून बोटभर उंचीवर, चार-चार जादा छिद्रे पाडली. स्टँडची पट्टी मधल्या छिद्रांवर येत होती, म्हणून कुंडीखाली टाइलचे तुकडे सारून ती उचलली. काम सकाळी सुरू केले ते दिवेलागणीपर्यंत चालले.

गेलेल्या दोन कुंड्यांसाठी त्याच वेलांचे वरचे निरोगी शेंडे कापून पुन्हा लावले. बुंधा कुजला तरी शेंडा बराच काळ धडधाकट असतो, त्यामुळे वेल मेला असे समजून तो फेकण्याची घाई करू नये. तिरंगी रोप मात्र आधीच सावकाश वाढणारे आहे. त्याचे दोन तुकडे मिळाले, ते छोट्या कुंडीत पत्र्याखाली ठेवले आहेत.

२२ जुलै

काळ्या वेलांच्या पानांच्या मागच्या बाजूला खरबरीत, फोडांसारखे बारीक उंचवटे आले आहेत. पहिल्यांदा ती किडीची अंडी वाटली आणि मी निंबोळी तेल आणायला निघालो होतो, पण भिंग घेऊन पाहिल्यावर ते पानाच्याच पेशी फुगून झालेले दिसले. दमट, ढगाळ हवा, ओली माती आणि कोंदलेली जागा एकत्र आली की या वेलाला असे होते. हा रोग नाही, त्यामुळे पसरत नाही आणि त्यावर फवारणीचा उपयोगही नाही. कुंड्यांमध्ये वीतभर अंतर वाढवले आणि ज्या दोन कुंड्या पाण्याच्या टाकीच्या आडोशाला होत्या त्या उघड्यावर आणल्या. फोड आलेली पाने तशीच राहतात. नवी पाने स्वच्छ येऊ लागली की काम झाले असे समजावे.

आडोशाच्या त्याच दोन कुंड्यांत रंगाचाही फरक दिसला. काळ्या पानांत हिरवट छटा आली होती आणि पोपटी पाने साध्या हिरव्यावर गेली होती. या वेलाचा रंग उन्हावर अवलंबून असतो. दिवसाला पाच-सहा तास थेट ऊन मिळत नसेल तर वेल जगतो, वाढतोही, परंतु ज्या रंगासाठी तो लावला तो मिळत नाही.

४ ऑगस्ट

पानांना भोके पडली आहेत. भोके पानाच्या कडेला नसून मधोमध, गोल, वाटाण्याएवढी, आणि एका पानाला दहा-दहा. पोपटी वेलांची चाळण झाली आहे, काळ्यांवर उपद्रव कमी दिसतो किंवा निदान नजरेत कमी भरतो.

कीड सापडली ती सकाळी सात वाजता, ऊन चढण्यापूर्वी. हा कासव-भुंगा. मसुरीच्या दाण्याहून थोडा मोठा, कडेने पारदर्शक कवच, आणि मधला भाग अस्सल सोन्यासारखा चकाकणारा. बोट लावले तर पाय आत ओढून पानाला चिकटून बसतो. एक मारून कागदावर ठेवला, तर दुपारपर्यंत त्याचे सोने उतरून तो मळकट तपकिरी झाला. पानाच्या मागे त्याच्या अळ्याही होत्या, आणि त्या पाहिल्याशिवाय त्यांची ओळख पटणार नाही: काटेरी, चपटी अळी आपली टाकलेली कात आणि विष्ठा शेपटाच्या काट्यांवर गोळा करून ते ओझे छत्रीप्रमाणे पाठीवर धरते. पानावर काळी घाण पडली आहे असे समजून आपण पुढे जातो, आणि तीच घाण हळूहळू सरकत असते.

हे भुंगे आले कुठून, हेही शोधले. इमारतीमागच्या नाल्याच्या काठाने बेशरम ही रानवनस्पती माजली आहे. ती याच कुळातली, आणि तिच्या पानांवर हेच भुंगे होते. नाल्याकाठचे रान काढणे आपल्या हातात नाही, म्हणून किडीचा कायमचा बंदोबस्त होईल ही आशा सोडली. रोज सकाळी भुंगे वेचून साबणाच्या पाण्यात टाकणे, अळ्या असलेली पाने खुडणे, आणि आठवड्यातून एकदा संध्याकाळी निंबोळी तेल, लिटरला ५ मिली, थोड्या द्रव साबणात मिसळून पानांच्या मागून फवारणे, असा क्रम ठेवला आहे. तेल १४० रुपये. दुपारच्या उन्हात केलेल्या एका फवारणीने पोपटी पाने भाजली, त्यामुळे संध्याकाळची वेळ सोडायची नाही.

रासायनिक आंतरप्रवाही, म्हणजे झाडाच्या रसात भिनणारे, कीटकनाशक सुचवणारे भेटले. ते वापरले नाही, कारण पुढे कंद चाखून पाहायचा आहे.

१८ ऑगस्ट

विद्राव्य १९:१९:१९ खत (नत्र, स्फुरद आणि पालाश समप्रमाणात असलेले), लिटरला दोन ग्रॅम, दर पंधरवड्याला देत होतो. वेल झपाट्याने वाढले, पण दोन पानांतील अंतर इतके लांबले की पानांपेक्षा दांडेच जास्त दिसू लागले, आणि कोवळ्या वाढीवर मावा आला. खत बंद केले. महिन्यातून एकदा मूठभर गांडूळखत एवढेच पुढे चालू ठेवणार आहे. शेतकरीही रताळ्याला नत्र हात राखूनच देतात, नाहीतर नुसता पाला माजतो. आपल्याला पालाच हवा आहे हे खरे, पण तो दाट हवा.

६ सप्टेंबर

गच्चीच्या फरशीवर मिऱ्याएवढ्या काळ्या लेंड्या पडलेल्या दिसल्या आणि वर पाहिले तर एका रात्रीत दोन वेल देठांपर्यंत ओरबाडलेले. ही हॉक मॉथ या पतंगाची अळी. बोटाएवढी जाड, शेपटीवर शिंग, आणि हिरव्या वेलात इतकी बेमालूम की लेंड्या जिथे पडल्या त्याच्या बरोबर वर नजर ठेवून शोधावी लागते. एकच सापडली, आणि तेवढे नुकसान एकटीचेच होते. त्याच कुंडीची माती उकरताना एक तपकिरी कोषही मिळाला, ज्याला पुढच्या टोकाला कपाच्या कानासारखी वळलेली सोंड असते. किडीच्या शोधात एवढे देखणे काही हाती लागेल असे वाटले नव्हते. त्याला दूरच्या झुडपात नेऊन पुरला. पाने आठ-दहा दिवसांत पुन्हा आली.

१४ सप्टेंबर

कठडा भरला. वेल खालच्या मजल्याच्या खिडकीपर्यंत पोचले असून तिथल्या काकूंच्या संमतीने त्यांचे तेवढे तुकडे तिथेच ठेवले आहेत. जे वेल आतल्या बाजूने गच्चीवर उतरले त्यांनी फरशीच्या सांध्यांतल्या धुळीत मुळे धरली आहेत. शेतात यासाठीच वेल अधूनमधून उचलून पालटतात, म्हणजे पेरापेरावर मुळे धरून जोर वाटला जात नाही. इथे कारण निराळे: सांध्यात गेलेली मुळे गच्चीच्या वॉटरप्रूफिंगला परवडणारी नाहीत. दर रविवारी आतले वेल उचलायचे.

७ ऑक्टोबर

पाऊस गेला आणि ऑक्टोबर हीट सुरू झाली. पश्चिमेचे ऊन काळ्या वेलांना मानवते, त्यांचा रंग आता जवळजवळ शाईसारखा झाला आहे. पोपटी वेलांची मात्र वरची पाने पांढरट पडून कडा करपल्या. कुंड्यांची आलटून पालटून रांग हवी असल्याने पोपटी तेवढे हलवता येईनात. दुपारी दोन ते पाच त्यांच्यावर ५० टक्के ऊन अडवणारी हिरवी जाळी ओढायची सोय केली. दिसायला ती वाईट दिसते.

पाणी रोज द्यावे लागते आहे, आणि तेही सकाळी. दुपारी वेल मलूल दिसले म्हणून पाणी घालण्याचा मोह टाळावा. माती बोटभर खोल चाचपून ओली असेल तर तो उन्हाचा परिणाम असतो आणि संध्याकाळी पाने आपोआप उभी राहतात. कोरड्या हवेत लाल कोळीही आला आहे, पानांवर बारीक फिकट ठिपके हे त्याचे लक्षण. पाइपने पानांच्या मागून जोरात पाणी मारणे दोन आठवडे केले आणि ते पुरले.

२१ नोव्हेंबर

पोपटी वेलाला तीन फुले आली. दिवस लहान झाले की रताळे फुलते. फूल गारवेलाच्या घाटाचे, फिकट जांभळे, घशाशी गडद, आणि दुपारपर्यंत मिटणारे. पानांच्या गर्दीत ते शोधावे लागते, त्यामुळे फुलांच्या अपेक्षेने हा वेल कोणी लावू नये.

२८ डिसेंबर

रात्रीचे तापमान दहा-बारा अंशांवर आले आणि वाढ थांबली. खालची पाने रोज पिवळी होऊन गळतात. इथे दहिवर गोठत नाही, म्हणून वेल मरत नाहीत. नाशिक-निफाडकडे थंडी जास्त कडक असते, तिथे कुंड्या भिंतीच्या आत घ्याव्यात. मुंबई-कोकणात हा प्रश्नच नाही. पाणी आठवड्यातून दोनदा, खत बंद.

१२ जानेवारी

सर्व वेल मातीपासून वीतभर ठेवून कापले. कापण्यापूर्वी प्रत्येक रंगाच्या सर्वांत चांगल्या वेलाचे चार-पाच शेंडे घेऊन सहा इंची कुंड्यांत लावले आणि त्या पूर्वेच्या खिडकीत ठेवल्या. पुढच्या वर्षीचे बेणे हेच. पुन्हा नर्सरीत जायचे नसेल तर एवढे करावेच लागते. जुना बुंधा वर्षभरात लाकडासारखा होतो आणि त्यावरची नवी फूट विरळ येते. तिरंगीच्या एका तुकड्यातून निव्वळ हिरवी फांदी निघाली होती, ती मुळापासून काढली. ती ठेवली असती तर जोमात तिने रंगीत फांद्यांना मागे टाकले असते.

१६ फेब्रुवारी

एका कुंडीची बाजू फुगून तडकली होती, म्हणून सगळ्या कुंड्या रिकाम्या केल्या. आत कंद. पोपटी वेलांचे फिकट सालीचे, काही मुठीहून मोठे, आणि कुंडीच्या आकाराला दबून वेडेवाकडे झालेले. उन्हाळा लागताच माती लवकर सुकते अशी तक्रार होती, तिचे कारणही हेच. अर्धी कुंडी कंदांनी व्यापली होती आणि माती उरलीच नव्हती.

ज्या दोन कुंड्यांत कंदाचा माथा मातीबाहेर आला होता तिथे सोंड्या भुंगा शिरला होता. हा दिसायला मोठ्या मुंगीसारखा, पाठ निळसर काळी आणि मान तांबडी. कंद चिरल्यावर आतून भुयारे, काळपट भुसा आणि कडवट उग्र वास. असे कंद खाण्याच्या किंवा जनावराला घालण्याच्या लायकीचे राहत नाहीत, कचऱ्यातही उघडे टाकू नयेत. पिशवीत बांधून कडक उन्हात ठेवले आणि मग दिले. उघडा पडलेला कंद मातीने झाकायचा हा शेतातला नियम कुंडीलाही लागू आहे, आणि तो ऑक्टोबरपासूनच पाळायला हवा होता.

निरोगी कंदांपैकी दोन उकडून पाहिले. खाता येतात, पण पाणचट आणि रेषाळ. कीस करावा एवढी गोडी त्यात नाही. नर्सरीतून नुकत्याच आणलेल्या रोपाचा कंद असेल तर त्यावर काय फवारले होते ते ठाऊक नसते, त्यामुळे तो खाऊ नये.

२ एप्रिल

आठ निवडक कंद कोरड्या वाळूत, घरातल्या सर्वांत थंड कपाटात ठेवले होते. त्यांतले तीन सुकून गेले, एकाला बुरशी लागली, आणि उरलेल्यांना आता कोंब आले आहेत. खिडकीतल्या कलमांचे वेल मात्र हातभर झाले असून त्यांचे शेंडे एकदा खुडूनही झाले. कंद जपण्याचा खटाटोप यापुढे करणार नाही.

वर्षाचा खर्च असा: स्टँड ३,०००, कुंड्या १,५६०, रोपे ४७०, माती, वाळू, खत आणि कोकोपीट मिळून सुमारे १,१००, निंबोळी तेल आणि जाळी ४५०. पुढच्या वर्षी तडकलेली कुंडी आणि खत एवढाच खर्च राहील.

सोसायटीतल्या पाच-सहा जणांनी बेणे मागितले आहे. मेच्या अखेरीस शेंडे काढणार आहे. येताना पिशवी नको, ओले वर्तमानपत्र आणावे, आणि पांढऱ्या माशीची तपासणी इथेच करून मगच बेणे घरी न्यावे.